बापूची वेबसाइट आणि आप्पांचा ओटीपी

न्यूर्नबर्ग,
बुधवार (आमची कपडे धुण्याची पाळी)

ती. आप्पा आणि ती. आईस,


काल तुमचा फोन आला तेव्हा इथं सकाळचे साडेदहा, म्हणजे तिकडं दुपारचे दोन. आप्पांनी आडवं व्हायच्या वेळेला फोन केला म्हणजे घरात नक्की काहीतरी झालं, या भीतीनं मी मीटिंग सोडून जिन्यात पळाले. तर तुम्ही म्हणालात, "बापू हवेत भाड्यानं जागा घेतोय. चार वर्षांचं भाडं आधीच मागतेत. तू सांग त्याला." मागून आई ओरडत होती, मामीच्या म्हशीचं आधी सांगा. मग बापूनं फोन ओढून घेतला आणि रेंज गेली.

म्हणून हे पत्र. बापूच्या फोनवर पाठवतेय, तेव्हा तोच ते मोठ्यानं वाचून दाखवणार. बापू, एकही ओळ गाळायची नाही. आई, तो मध्येच गप्प झाला तर तिथं त्याच्याविषयी काहीतरी लिहिलंय असं समज.

आधी म्हैस. मामीला म्हणावं, विकायची घाई करू नका. मागच्या वेळी विकली आणि वर्षभर आपल्याकडून ताक नेलं. आणि आई, सोनीच्या पाहुण्यांचं म्हणशील तर, "आम्हाला काही नको, फक्त मुलाला फोर व्हीलरची आवड आहे" असं म्हणणाऱ्यांना सांगायचं, आवड आमच्या मुलीलाही आहे, बघा काय जमतंय ते. आक्काचा गुडघा कसाय ते कुणीच सांगितलं नाही. या वर्षी कमलादेवीच्या पायऱ्या चढू देऊ नका तिला, खालूनच हात जोडेल.

आता बापूची जागा. आप्पा, ती हवेत नसते. नवी मुंबईत महापे-ऐरोलीच्या पट्ट्यात मोठमोठ्या इमारती आहेत, आत चोवीस तास चालू असलेले कॉम्प्युटर, त्यांना गार ठेवायला एसी आणि लाइट गेली तर जनरेटर. बापूची वेबसाइट म्हणजे चार फोटो आणि दोन पानं मजकूर तसल्या एका कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात ठेवायचा. त्या कोपऱ्याचं भाडं म्हणजे होस्टिंग. एकाच कॉम्प्युटरवर शेकडो जणांचे असे कोपरे असतात, म्हणून ते स्वस्त पडतं.

बेत मात्र चांगला आहे. थंडीत रोहित पक्षी आले की पुण्या-मुंबईच्या गाड्या भिगवणला, कुंभारगावला जातात. आपल्या करमाळ्याच्या काठाला उजनीचं पाणी तेच, पक्षी तेच, पण केत्तूर-चिखलठाणकडं गाडी वळत नाही. बापूला ती वळवायचीय. होडीतून पक्षी दाखवायचे आणि वर चिलापीची थाळी. मला पटलं. (बापू, हे वाक्य एकदाच वाच.)

मशीन थांबलं वाटतं. आले.

हं. तर त्यानं पाठवलेली जाहिरात मी वाचली. "महिना फक्त 79 रुपये." खाली मुंगीच्या अक्षरात: हा दर 48 महिन्यांचे पैसे एकदम भरल्यास. म्हणजे 3,792. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे साधारण 4,475. चार वर्षांनी नूतनीकरणाचा दर महिना 279, म्हणजे साडेतीन पट. तोवर सगळा मजकूर, फोटो, गिऱ्हाईक तिथं रुळलेलं, मग उठून जायचा कंटाळा येतो, आणि धंदा त्या कंटाळ्यावर चालतो. म्हणून पहिल्या वर्षाचा दर बघायचाच नाही. दुसऱ्या वर्षी काय घेणार ते विचारायचं आणि त्यावर दोन कंपन्यांची तुलना करायची. पैसे एकाच वर्षाचे भरायचे, महाग पडले तरी. पाणी कधी येतं, पक्षी कधी येतात, बापूचा उत्साह कधी जातो, यातलं चार वर्षांचं कुणाला सांगता येतंय?

जाहिरातीत "सुरक्षा प्रमाणपत्र" म्हणून वेगळे पैसे लावलेत. ते कुलुपाचं चिन्ह दिसण्यासाठी असतं, आणि लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक ना-नफा संस्था ते 2015 पासून जगाला फुकट देते. बऱ्या कंपन्या ते बसवूनच देतात. जी कंपनी बापूच्या एवढ्याशा साइटसाठी त्याचे पैसे मागते ती पुढं काय काय मागेल याचा अंदाज घ्या. "अमर्याद जागा" हाही तसलाच प्रकार. अटींचं पान उघडलं की मर्यादा सापडते.

आणि ते "99.9 टक्के चालू" वाचून बापू हुरळलाय. हिशेब केला तर वर्षात पावणेनऊ तास बंद. आप्पा, तुम्ही म्हणाल आपल्या मोटारीला थ्री फेज दिवसातनं आठच तास मिळते, तर ही चैन झाली. खरं आहे, पण ते पावणेनऊ तास डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी आले तर? भरपाई म्हणून फार तर भाड्यातले चार रुपये वळते करतात. म्हणून बापू, पैसे भरायच्या आधी रविवारी रात्री त्यांना फोन लाव. माणूस उचलतो की गाणं वाजतं ते बघ. मी तर टक्केवारीपेक्षा त्या फोनवर विश्वास ठेवीन.

आता आप्पा, हे तुमच्यासाठी. बापू म्हणतो, साइट करून देणारा करमाळ्याचा पोरगा नाव पण त्याच्याच खात्यावर घेऊन देणार आहे, "सगळं मी बघतो दादा." तिथं मात्र पाय रोवून उभे राहा. आठवा, उजनी धरण आलं, 1980 ला पुरं झालं, जुनी गावं पाण्यात गेली. तुम्ही तुळया, चौकटी गाडीत घालून वर आलात. जमीन गेली, पण गावाचं नाव तुमच्याबरोबर आलं. वांगीचे नंबर पडले, केत्तूरचे पडले, तरी वांगी ती वांगी. होस्टिंग ही जमीन आहे, उद्या दुसरीकडं घेता येते. डोमेन म्हणजे ते नाव, आणि ते त्या पोराच्या खात्यात राहिलं तर रुसवाफुगवा झाला त्या दिवशी बापूला नवं बारसं करावं लागेल. तेव्हा नाव बापूच्या ईमेलवर, आणि शक्यतो होस्टिंगच्या कंपनीकडं न घेता वेगळ्या ठिकाणी. डॉट इन पुरे. डॉट भारत देवनागरीत 2014 पासून मिळतं आणि मलाही मोह होतो, पण पुण्याची माणसं इंग्रजी कळफलकावरच टाइप करतात. आणि बापू, नाव लहान ठेव. तू सुचवलेलं नाव होडीच्या दोन्ही बाजूंना मिळूनही मावणार नाही.

खात्याचा ओटीपी मात्र आप्पांच्या फोनवर येऊ दे. बँकेनं "ओटीपी कुणालाही सांगू नका" म्हटल्यापासून आप्पांनी तो स्वतःच्या पोरालाही सांगितलेला नाही, गॅस बुक करायला बापू तालुक्याला गेला होता! एवढी सुरक्षा पैसे देऊन मिळत नाही.

आप्पा, तुम्ही म्हणालात, साइट तुझ्याच गावात ठेव की, येता-जाता लक्ष ठेवशील. गंमत म्हणजे खरंच सोय आहे. हेट्झनर नावाच्या मोठ्या जर्मन कंपनीचं डेटा सेंटर आमच्या न्यूर्नबर्गमध्येच आहे, दुसरं फाल्केनश्टाइनला, आणि जगभर लोक त्यांना स्वस्त म्हणून नावाजतात. पण नावाजतात तो नुसता कॉम्प्युटर, तो राखायचा आपण. आणि बघणारा हडपसरचा, मग फोटो समुद्राखालून कशाला फिरवायचे? शिवाय परदेशी कंपनीचे पैसे कार्डावरून दरवर्षी आपोआप जातील या भरवशावर राहता येत नाही. 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे त्याबाबतचे नियम कडक आहेत. पैसे अडकले की साइट बंद. तेव्हा मुंबईतलीच जागा, रुपयांत बिल, यूपीआयनं भरणा.

आणि इथं ठेवायची म्हटलं तर इथले नियम! आमच्या ह्यांनी तबल्याच्या क्लासचं एक पान केलं. जर्मनीत धंद्याच्या कुठल्याही वेबसाइटवर चालवणाऱ्याचं पूर्ण नाव, घर नंबरासकट पत्ता आणि ईमेल छापावाच लागतो. त्याला इम्प्रेसुम म्हणतात. न छापला तर प्रतिस्पर्ध्याचा वकील नोटीस पाठवतो, आणि 2020 च्या अखेरपर्यंत तर नोटीस लिहिल्याचे पैसेही आपल्याकडूनच मागायचा. कायद्याचं नाव 2024 च्या मे महिन्यात बदललं, कलम मात्र पाचवं होतं ते पाचवंच राहिलं. नाव बदललं म्हणून हे रात्री बारापर्यंत पान दुरुस्त करत बसले होते.

पत्ता छापल्याचा परिणाम काय, तर रविवारी सकाळी एक गृहस्थ मुलाला घेऊन दारात हजर. "तबला ऐकायला मिळेल का?" आणि रविवारी इथं आवाज करायचा नाही! ड्रिल नाही, ठोकाठोकी नाही. ह्यांनी त्यांना मांडीवर बोटं वाजवून तीनताल दाखवला. मुलगा खूश झाला, आता दर शनिवारी येतो. आई, तू पाठवलेले शेंगदाणे मी एका रविवारी खलबत्त्यात कुटायला घेतले, तर खालच्या मजल्यावरच्या आजीबाई वर आल्या. चटणीची चव दिली, गप्प झाल्या. आता त्या रविवारचीच वाट बघतात.

त्यावर आणखी, घरात टीव्ही असो-नसो, रेडिओ-टीव्हीची पट्टी दर घराला महिना 18.36 युरो. आमच्याकडं टीव्ही नाही. बहिऱ्यानंही तमाशाचं तिकीट काढायचं. तेवढ्यात इथं एक छोटी वेबसाइट अर्धं वर्ष सहज निघते.

बापू, शेवटचं कामाचं. 10 मार्च 2021 ला स्ट्रासबुर्गला, राइन नदीच्या काठी, ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर रात्रीत जळालं. माणसं सुखरूप, पण असंख्य वेबसाइटी बंद पडल्या, आणि ज्यांनी दुसरी प्रतही त्याच आवारात ठेवली होती त्यांचं दोन्ही गेलं. कंपनी लहान नव्हती, युरोपातल्या मोठ्यांतली होती. तेव्हा महिन्यातून एकदा सगळी साइट उतरवून घ्यायची, एक प्रत घरी, एक माझ्याकडं. आणि पक्ष्यांचे फोटो लहान करून टाक. तू पाठवलेला रोहित माझ्या फोनवर एवढा वेळ उतरत होता की तेवढ्यात खरा उडून सायबेरियाला पोचला असता. (आप्पा, ते सायबेरियातून येत नाहीत हे मला माहीत आहे, कच्छातून येतात. बापूला चिडवायला लिहिलं.)

आमच्या चिनूला परवा इथल्या वोर्डर तळ्यावर नेलं होतं. बदकं, राजहंस, सगळं आहे. ती बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, आजीकडचे गुलाबी इथं का येत नाहीत? मला काही सुचेना. आप्पा, मी अजून सकाळी उठल्यावर इथलं हवामान बघायच्या आधी उजनी किती टक्के ते बघते. उन्हाळ्यात धरण उणे झालं की दिवसभर कामात लक्ष लागत नाही. एकदा ऑफिसात विचारलं, धरण शून्याच्या खाली कसं जातं? मी 63 टीएमसी मृतसाठ्याचं सगळं समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता गाळपेरीतल्या ज्वारीचा वास आला. इथं ऑफिसात. मग उठून कॉफी आणली. या वर्षी शंभरच्या वर आहे, तेवढं बरं.

केळी इथं इक्वेडोरची मिळतात. सालीवर ठिपका नाही आणि आत चव नाही. कंदरची अरबांना पाठवता, एक पेटी चुकून इकडं येऊ द्या की.

आईला सांगायचं राहिलं: पार्सलमधलं काळं तिखट कस्टमवाल्यांनी उघडून बघितलं होतं. पुडीवर त्यांची चिकटपट्टी आहे. उघडणारा शिंकला असणार.

सगळ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमची,
ताई

ता.क. बापू, साइटवर होडीचा दर स्पष्ट लिही. "दरासाठी संपर्क करा" लिहिलंस तर पुण्याचा माणूस संपर्क करत नाही, कुंभारगावला जातो. थाळीत चिलापीचे तुकडे किती तेही लिही, आणि आईला विचारून लिही.