नव्वद टक्के

मराठी माणसाला नव्वद टक्क्यांचं वेड जन्मजात. दहावीला हुकले, बारावीला हुकले, म्हणून ज्यांनी आयुष्यभर मन मारलं त्यांची साठीनंतर अँजिओग्राफीत सोय होते. परवा आमच्या बागेतल्या सकाळच्या कट्ट्यावर एका अण्णांनी रिपोर्ट काढला आणि हृदयाच्या वाहिन्यांतले अडथळे खणखणीत आवाजात वाचून दाखवले, "एलएडी नव्वद, आरसीए ऐंशी!" मान अशी ताठ, की आता कुणीतरी पेढे काढणार असं वाटावं. शेजारचे भाऊ फक्त सत्तरचे. ते निमूटपणे प्राणायामाला लागले.

या कट्ट्यावर 'कसे आहात' हा प्रश्न केव्हाच मोडीत निघाला. आता 'स्टेंट किती घातले?' असं विचारतात. तीनवाल्याला बाकाची सावलीतली बाजू मिळते, एकवाला उभा राहतो. बायपासवाले वेगळे बसतात. त्यांच्या लेखी स्टेंट म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

हे स्टेंट घालायचं ठरतं कसं, ते एकदा बघण्यासारखं असतं. पेशंट आत टेबलावर, मनगटातून नळी गेलेली. बाहेर नातेवाइकाच्या नावाचा पुकारा होतो. मुलगा चपला काढतो, पायांत निळ्या पिशव्या चढवतो आणि आत जातो. शिशाचा एप्रन घातलेले डॉक्टर पडद्याकडे पेन रोखून विचारतात, "हे दिसतंय?" पडद्यावर काळ्या रेघा वळवळत असतात. त्यातली कुठली अरुंद आणि कुठली रुंद, हे त्याला देवाशप्पथ कळलेलं नसतं. "हो हो, दिसतंय की!"

"मग आत्ताच करून टाकू. टेबलावर आहेतच. नाहीतर पुन्हा आणावं लागेल, आणि तोवर काही झालं तर..."

या 'तर'च्या पुढच्या तीन टिंबांइतकी महाग टिंबं मराठीत दुसरी नसतील. फ्लॅट घेताना कागदपत्रं तीन वकिलांना दाखवून बिल्डरला रडवणारा हा गृहस्थ इथं उभ्या उभ्या सही ठोकतो. न्यू जर्सीतला धाकटा फोनवरून बजावतो, "दादा, पैशाचा विचार करू नकोस." दादा करतच नाही. मेडिक्लेम बाबांचा असतो.

या सगळ्याचं मूळ नळात आहे. नळ तुंबला, आत काहीतरी घालून रुंद केला, धो धो पाणी आलं. हे चित्र आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की हृदयसुद्धा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात जमा झालं. प्रत्यक्षात अ‍ॅटॅक बहुतेक वेळा येतो तो रक्तवाहिनीच्या आतला चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी धरते तेव्हा. आणि फुटणारा थर पुष्कळदा चाळीस-पन्नास टक्क्यांवाला, कुणाच्या खिजगणतीत नसलेला असतो. नव्वदवाल्याला मखरात बसवावं, आणि डाव साधावा मागच्या बाकावरच्यानं!

आता अ‍ॅटॅक चालूच असेल तर वाद नाही. बंद पडलेली वाहिनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो. तिथं स्टेंट जीव वाचवतो, आणि तिथं घासाघीस करणाऱ्याला कट्ट्यावरून हाकलावं. गंमत आहे ती जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं, अशा जुन्या, स्थिर दुखण्याची. त्यात गोळ्यांच्या जोडीला स्टेंट घातल्यानं मरण किंवा अ‍ॅटॅक टळत नाही, असं 2007 साली 'करेज' चाचणीनं सांगितलं. 2020 साली 5,179 रुग्णांच्या 'इस्केमिया' चाचणीतही सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्यानं तो फायदा दिसला नाही. छातीचं दुखणं मात्र कमी होतं, आणि तेही काही थोडकं नाही. पण आपल्याकडे स्टेंट दुखण्यासाठी घालतच नाहीत, 'पुढची काळजी नको' म्हणून घालतात.

ब्रिटिशांनी तर कहर केला. 2017 साली 'ऑर्बिटा' चाचणीत 200 जणांना टेबलावर घेतलं, सुमारे निम्म्यांना स्टेंट घातला आणि बाकीच्यांना नुसतंच झोपवून बाहेर आणलं. कुणाला काय झालं, हे कुणालाच सांगितलं नाही. सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर पळवलं, तर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. हा प्रयोग आपल्याकडे होणे नाही. बाहेर डबा घेऊन बसलेल्या काकूंना 'आत काही घातलं की नाही ते सांगता येणार नाही' असं सांगणारा डॉक्टर अजून जन्माला यायचाय.

अरुंद जागा डोळ्यांना दिसली की हात आपोआप तिच्याकडे वळतो, या खोडीचा टोपोल आणि निसेन या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांनी 1995 सालीच 'ऑक्युलोस्टेनॉटिक रिफ्लेक्स' अशा भारदस्त नावानं उल्लेख केला. आपल्याकडे ही खोड नातेवाइकांनाही असते.

सरकारचंही हृदय एकदा द्रवलं. 2017 च्या 13 फेब्रुवारीला, म्हणजे व्हॅलेंटाइन डेच्या आदल्या दिवशी, साध्या स्टेंटला 7,260 रुपये आणि औषधी लेपाच्या स्टेंटला 29,600 रुपये अशी कमाल किंमत ठरली. त्याआधी रुग्णालयांचा नफा 654 टक्क्यांपर्यंत जातो, असं राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानंच जाहीर केलं होतं. नव्वद टक्क्यांची मिजास मारणाऱ्यांनी हा निकालही बघावा. मग स्टेंट स्वस्त झाले आणि बलून, कॅथेटर यांचे आकडे बिलात ठळक दिसू लागले.

फुकट झालं तरी खैर नाही. 2024 च्या नोव्हेंबरात गुजरातेतल्या बोरिसणा गावात मोफत तपासणी शिबिर झालं. 19 जणांना अहमदाबादला नेलं, सात जणांची सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, दोघे दगावले. पुढे पोलिसांत गुन्हे दाखल झाले.

इकडे स्टेंटवाले निर्धास्त. 'आता नळ मोकळा' म्हणून वडापावची दुसरी प्लेट येते, आणि 'आता कशाला' म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बंद होतात. त्या मधेच सोडल्या तर गुठळी थेट स्टेंटमध्येच होऊ शकते, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. पण कार्ड फाइलीत आणि फाइल माळ्यावर.

खरी पंचाईत झालीय आमच्या सोसायटीतल्या एका काकांची. त्यांना भेटला विक्षिप्त डॉक्टर. म्हणाला, "स्टेंट नको. गोळ्या घ्या, सिगारेट सोडा, रोज चाला." काकू तिथंच खचल्या. इतका मोठा डॉक्टर, आणि काहीच करत नाही म्हणजे केस हाताबाहेर गेली असणार. आता दुसरं हॉस्पिटल शोधणं चाललंय. "निदान एक छोटासा तरी घालून टाकायला सांगा," काकू मुलाला म्हणत होत्या, "पुढच्या महिन्यात पॉलिसी संपतेय, त्याआधी उरकलेलं बरं."