कोलमोल्लंघन-मीमांसा

परप्रांतात घरगुती अतिथिगृहात उतरणाऱ्या प्रवाशाची प्रतिष्ठा कशावरून ठरते, या प्रश्नाची शास्त्रकारांनी आजवर अक्षम्य उपेक्षा केली आहे. भाडे, ओळखपत्र, सामानाचे वजन ही प्रमाणे स्थूल होत. सूक्ष्म प्रमाण एकच: यजमानीणबाईंनी पहाटे दारात काढलेले कोलम तो कसा ओलांडतो.

क्षेत्र: मैलापूर, चेन्नई. कपालीश्वर मंदिरापासून हाकेच्या अंतरावरचे दुमजली घर. खाली कुटुंब, वर भाड्याच्या दोन खोल्या, जिन्याखाली चपला. काल: मार्गळी मास, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. प्रस्तुत लेखक संगीतोत्सवासाठी तेथे सात रात्री राहिला. १९२८ साली स्थापन झालेल्या म्युझिक अकॅडमीतली सप्रयोग व्याख्याने सकाळी आठच्या सुमारास सुरू होतात, आणि या शास्त्राचा उगम त्या वेळापत्रकात आहे. उशिरा उठणाऱ्यास कोलम पुसट झालेलेच भेटते. त्याचे उल्लंघन विचारार्ह नाही.

लक्षण: कोलम म्हणजे आपली शिरगोळ्याची रांगोळी नव्हे. त्यास तांदळाचे पीठ लागते, आणि ते मुंग्यांनी-चिमण्यांनी खावे अशी त्यामागे भूतदया आहे. ठिपक्यांभोवती वळसे घेत जाते ते सिक्कु कोलम. मार्गळीत मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोवतात. हे फूल उल्लंघनकर्त्याच्या अंगठ्याचे निसर्गसिद्ध लक्ष्य होय.

मद्रास ख्रिश्चन कॉलेजातील गिफ्ट सिरोमनी आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली कोलमाच्या आकृतींचे गणिती व्याकरण मांडले. काढण्याचे व्याकरण झाले; ओलांडण्याचे राहिले.

उल्लंघन त्रिविध. (१) प्लुत: धोतर अथवा पँट किंचित उचलून एका उडीत पार होणे. (२) स्तंभसंलग्न: फाटकाच्या खांबाला पाठ घासत कडेने सरकणे, शर्टावरील चुना हे याचे अनुमापक चिन्ह. (३) अनवधान. याचे पुन्हा सानुताप व निरनुताप असे दोन भेद. निरनुतापी मनुष्यास खोली दुसऱ्यांदा मिळत नाही, म्हणून त्याची उदाहरणे दुर्मिळ.

प्लुताविषयी दोन संप्रदाय आहेत. दादर संप्रदाय उडीस आदर मानतो. सदाशिव पेठ संप्रदायाच्या मते उडी हे उद्दामपणाचे लक्षण असून, कोलम पडण्यापूर्वीच घर सोडणे हा एकमेव शिष्टाचार होय. परंतु त्या वेळी फाटकास कुलूप असल्याने या संप्रदायास अनुयायी लाभले नाहीत.

तिसऱ्या दिवशी लेखकाकडून अनवधान घडले. उजव्या पायाने सहा वळसे मोडले. सानुताप होऊन त्याने वाकून बोटाने रेषा जुळवण्याचा यत्न केला. त्यामुळे सातवा व आठवाही गेला. मामी (तेथे हे नाते मामाच्या अस्तित्वावर अवलंबून नसते) दारातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘परवाइल्लै.’’ हरकत नाही, हा कोशार्थ झाला. व्यंग्यार्थ चौथ्या सकाळी प्रकटला: कॉफी नुसत्या टंबलरात आली, खालचा डवरा नव्हता. डवऱ्याविना कॉफी ओतून निववता येत नाही, टंबलरही धरवत नाही. ही पदावनती होय. हिच्यावर अपील नाही.

सहाव्या दिवशी दुधाच्या पिशव्या टाकणाऱ्या पोऱ्याची सायकल कोलमाच्या ऐन मध्यातून गेली. पाठोपाठ स्वतः मामी भाजीची पिशवी घेऊन त्यावरूनच रस्त्यावर उतरल्या आणि त्यांची टाच फुलावर पडली. मागचापुढचा शास्त्रार्थ पाहता हे दोन्ही प्रसंग प्रक्षिप्त मानावेत.

सातव्या दिवशी लेखक खांबाला घासून गेला. दुपारी सामान आवरताना कॉफी आली ती डवऱ्यासह.