पंपशास्त्री

डिझेल पंप बदलूनही ट्रक सुरू होत नाही, तेव्हा त्याच्याभोवती जमलेल्या घोळक्यात ज्याच्या कपड्यांवर ऑइलचा एकही डाग नसतो तो माणूस म्हणजे पंपशास्त्री. कळंबोलीचा लोखंड बाजार, निगडीचे ट्रान्सपोर्टनगर, नागपूरजवळची वाडी, झालेच तर मिस्त्रीच्या टपरीला लागून असलेला हायवेवरचा कोणताही ढाबा, या ठिकाणी तो बारमाही आढळतो. त्याला कोणी बोलावलेले नसते. दोन-तीनदा सेल्फ मारला आणि इंजिन नुसतेच फिरत राहिले, की तो आपोआप हजर होतो.

मूळचा तो ड्रायव्हर. गुडघे गेल्यावर स्टेअरिंग सुटले, पण इंजिनावरचा हक्क सुटला नाही. ज्या टाटाच्या सोळाबारावर त्याने उमेदीची वर्षे काढली, तिच्यानंतरची प्रत्येक गाडी त्याला कचकड्याची वाटते. पंपाला तो अजून ‘मायको’च म्हणतो. १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचे नाव २००८ साली बदलून बॉश झाले. पाटी बदलली त्या दिवसापासून पंपातला जीव गेला, असे त्याचे ठाम मत आहे. स्पेअर पार्टवाला आणि मालकाचा मेहुणा या त्याच्या दोन पोटजाती. पहिल्याला प्रत्येक रोगाचे औषध स्वतःच्या दुकानात दिसते. दुसरा व्हिडिओ कॉलवर ‘मोबाईल जरा खाली घे’ एवढेच सांगत राहतो. दोघेही अस्सल नव्हेत.

अस्सल पंपशास्त्री पान्याला हात लावत नाही. तो जुन्या टायरवर बैठक मारतो, तीही नेमकी सायलेन्सरकडे पाठ करून. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘पंप कुठनं घेतला?’ उत्तर काहीही येवो, तो ‘तिथनं?’ एवढेच म्हणून गप्प बसतो. पंपाच्या बिलाने मालक जेवढा खचलेला नसतो, तेवढा या गप्प बसण्याने खचतो.

यानंतर निदान सुरू होते आणि ते सर्वांत महाग कारणापासून खाली येते. आधी पंपच डुप्लिकेट. पंपाच्या पेटीवरचे सील दाखवले, तर सगळी नोझल गेलेली. नोझल तपासून आणली असतील, तर कॉम्प्रेशन संपले, ‘हेड उतरवा’. कालपर्यंत हीच गाडी रडतखडत का होईना, माल घेऊन घाट चढत होती, आणि काल ते आज या वेळात पंपाखेरीज कशालाही पाना लागलेला नाही, या साध्या हिशेबाकडे तो वळत नाही. हेड उतरवण्याच्या तुलनेत तो हिशेब फारच स्वस्त पडतो.

निदान चालू असताना दर दोन मिनिटांनी तो क्लीनरला फर्मावतो, ‘मार सेल्फ!’ सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांहून जास्त मारू नये आणि मध्ये निदान मिनिटभर थांबावे, हा नियम त्याला ठाऊक आहे; तो दुसऱ्यांच्या गाड्यांना लागू नाही. थोड्याच वेळात चोवीस व्होल्टची बॅटरी जोडी मान टाकते. मग तो समाधानाने सांगतो, ‘बॅटरी डाऊन आहे.’ दिवसभरातले हे त्याचे पहिले अचूक निदान. ते खरे करायची मेहनत त्याने स्वतःच घेतलेली असते.

मिस्त्री इतका वेळ बोलत नाही. त्याने विचारलेली गोष्ट एकच असते : सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का? धूर मुळीच नसेल, तर डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर असेल, तर पोचते आहे, पण जळत नाही. अर्धे कोडे एवढ्यावर सुटते, आणि त्यासाठी सायलेन्सरकडे तोंड करून उभे राहावे लागते.

धूर नसेल तेव्हा कारण बहुधा फुकटातले निघते. पंप उतरवताना बंद केलेला टाकीचा कॉक तसाच राहिलेला असतो. किंवा स्टॉपरची वायर आखूड बसून पंपावरचा लिव्हर ‘बंद’वरच अडकतो आणि सेल्फ कितीही मारला तरी पंप डिझेल सोडत नाही. कधी पंपाच्या रिटर्नचा बोल्ट इनलेटला लागतो. दोन्ही दिसायला सारखे, पण रिटर्नच्या बोल्टात एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व असतो, आणि येणारे डिझेल दारातच थांबते. यातले काही नसले, तर लाइनने हवा धरलेली असते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. पाइपात हवा असली की पंपाचा सगळा जोर तिला दाबण्यात खर्च होतो आणि नोझल उघडायला लागणारा दोनशेच्या आसपास बारचा दाब तयारच होत नाही. मिस्त्री फिल्टरवरचा स्क्रू ढिला करतो, फीड पंपाचा दांडा हाताने मारत राहतो, फेस थांबून नितळ डिझेल आले की स्क्रू आवळतो. मग हेच पंपावर. शेवटी नोझलकडचे नट सैल करून सेल्फ, आणि डिझेलची पिचकारी आली की पुन्हा घट्ट. कॉपरचे वॉशर जुनेच वापरले असतील, तर ही सगळी मेहनत संध्याकाळपर्यंत वाया जाते.

पांढऱ्या धुराचे दुखणे अधिक खोल. चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका पूर्ण चक्रात दोनदा वर येतो : एकदा कॉम्प्रेशनला, एकदा जळका धूर बाहेर ढकलायला. फ्लायव्हीलवरची खूण दोन्ही वेळा जुळते. खूण जुळली म्हणून पंप बसवला आणि पिस्टन धुराच्या फेरीतला निघाला, तर डिझेल भलत्या वेळी पडते आणि तसेच बाहेर जाते. सहा सिलेंडरच्या इंजिनात याची खात्री सोपी आहे. सहाव्याचे दोन्ही व्हॉल्व एकदम हलत असतील, तर पहिला कॉम्प्रेशनवर आहे. पंपशास्त्र्याने आतापर्यंत ‘टायमिंग’ हा शब्द किमान चारदा उच्चारलेला असतो. टॅपेट कव्हर उघडून बघण्याची सूचना मात्र त्याच्याकडून येत नाही.

गाडी सुरू होते तेव्हा त्याला आनंद होत नाही, तो कान लावतो. ‘आवाज जड आहे. घाटात गरम होणार.’ गाडी खरेच गरम झाली तर त्याचे नाव होते, नाही झाली तर कळवायला कोणी परत येत नाही. चहा मालकाच्या खात्यावर जातो आणि गाडी त्याच्या गावावरून जाणार असेल, तर केबिनमधली जागाही. मिस्त्रीची मजुरी मात्र उधारीवर राहते.

१ एप्रिल २०२० पासून नवे ट्रक बीएस-६ झाले, तेव्हा ही जात नामशेष होईल असे वाटत होते. त्यांच्या कॉमन रेलमध्ये दाब दोन हजार बारच्या घरात जातो. चालू इंजिनाचा पाइप सैल केला तर निघणारी धार कातडी फोडून आत शिरते, म्हणून नट ढिले करण्याचे जुने प्रयोग तिथे चालत नाहीत. खुणा बघण्याऐवजी लॅपटॉप जोडावा लागतो. पंपशास्त्र्याने टायमिंगच्या जागी ‘सेन्सर’ हा शब्द घेतला आणि बैठक मोडली नाही. पंप बदलल्यावर गाडी घेत नाही, लॅपटॉपवाला पडद्याकडे बघत जाहीर करतो, ‘रेल प्रेशर लो.’ टायरवरून प्रश्न येतो, ‘म्हंजे हवाच धरली ना?’ लॅपटॉपवाला क्षणभर पडद्याकडेच बघत राहतो, मग खाली उतरून फिल्टरवरचा हँड पंप मारायला घेतो.