डबा उघडता येईल अशी बोट

वर्ध्याच्या माणसाला पाण्यावर जायची हुक्की आली की बोर धरण आठवते, फार तर रामटेकची खिंडसी. पवनारला धाम नदी आहे, पण तिथे पाय बुडवायचे आणि विनोबांच्या आश्रमात डोकावून यायचे. सहल कुठलीही असो, निघण्याआधी चर्चा होते ती डब्यात काय न्यायचे याची. म्हणून बोटीची माझी परीक्षा साधी आहे : तिच्यात बसून डबा उघडता येतो का?

स्पीड बोट इथेच नापास. तिचे नाक वर उचलते, बूड पाण्यावर आपटते आणि पोह्यांवरची तर्री शेजारच्याच्या सदऱ्यावर जाते. कयाक एकट्याची, एकट्याने सहलीला जाणाऱ्याच्या घरी आपल्याकडे लोक चौकशीला येतात. धिवरांचा डोंगा देखणा खरा, पण त्यात नुसता डब्याकडे हात गेला तरी नावाडी ओरडतो, “काकू, एका जागी बसून राहा ना, डोंगा हालून राहिला!”

पायडल बोटीबद्दल मात्र मला ममत्व आहे. पुढचे दोघे पाय मारतात, मागचे दोघे सल्ला देतात. बऱ्याच बोटींत दोघांची पायडले एकाच दांड्याला जोडलेली असतात, त्यामुळे एकाने पाय ढिले सोडले तरी ते फिरत राहतात आणि कष्टाचा देखावा उत्तम वठतो. हे गुपित बायकोला कळेपर्यंतच नवऱ्याची मजा.

पण पैकीच्या पैकी गुण पांटून बोटीला. दोन-तीन हवाबंद नळकांडी, त्यांवर सपाट फळी, भोवती कठडा, वर छत, मागे मोटार. 1952 साली अमेरिकेतल्या मिनेसोटात अँब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपे एकापुढे एक जोडली आणि वर लाकडी फळ्या ठोकल्या. शेतकऱ्याचेच डोके ते! कुंभमेळ्यात प्रयागला पिंपांच्या पुलावरून चालून आलेल्या आजीला यात नवल वाटणार नाही. नळकांडी एकमेकांपासून लांब असल्याने बोट सहसा कलत नाही. पाहिजे तर सतरंजी अंथरा. शिवाय ती फार खोल बुडत नाही, म्हणजे उन्हाळ्यात धरणाचे पाणी खाली गेले तरी बरीच चालेल.

अमेरिकेत या बोटीवर बिअरच्या पेट्या चढतात म्हणे. आपला जिल्हा 1975 पासून दारूबंदीचा, निदान कागदावर. तेव्हा इथे चढणार गोरसपाक, चिवडा आणि चहाचा थर्मास. मला तरी यात काही कमी वाटत नाही.

खोड एकच. छत आणि कठड्यात वारा भरला की ती वाऱ्याच्या मर्जीने सरकते, आणि वेग तसाही बेताचाच. पण घाई असलेला माणूस धरणावर जाईलच कशाला?

बोरच्या पाण्यावर अशी बोट आली तर अडचण वेगळीच येईल. तिच्यावर ‘बारा माणसे’ अशी पाटी असणार. मग काखेतले लेकरू माणसात धरायचे की नाही, आजीला नारिंगी जॅकेट पदराच्या आतून घालायचे की बाहेरून, यावर काठावरच वाद रंगणार. आणि तो मिटेपर्यंत एक डबा तिथेच उघडला जाणार.