साडेसात धरू?

लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालेलं, दोघंही आयटीत, आणि 'आता सेटल कुठं व्हायचं' हे तोंडावर लिहून फिरणारा एक मुलगा तुमच्याही गल्लीत असणार. आमच्या राजारामपुरीतला जरा जास्तच झालेला आहे. घरून काम बंद झालं. त्याच्या कंपनीची ऑफिसं पुण्यातही आणि बंगळुरातही, बायकोच्या कंपनीचीही तशीच. म्हणजे नवरा-बायकोला भांडायलासुद्धा कारण उरलं नाही. तिथंच घात झाला. त्यानं एक्सेलचं शीट केलं.

शीटला मार्क लागतात आणि मार्क द्यायला माणसं. मग दिसेल त्याला गाठणं सुरू झालं. "काका, बंगळूरच्या हवेला दहापैकी किती?"

"आठ दे."

"साडेसात धरू?"

"मग विचारतोस कशाला?"

"तसं नाही, पुण्याच्या रिक्षावाल्यांना किती?"

"दोन."

थोडा विचार करून, "साडेसात धरू?"

एका बारशात पाळण्याची दोरी माझ्या हातात असताना त्यानं मला मेट्रोबद्दल विचारलं. बंगळूरची 2011 पासून धावते, पुण्याची 2022 मध्ये सुरू झाली, तर अनुभवाचे मार्क वेगळे द्यावेत का? बाळ रडायला लागलं, तेव्हा सुटलो. मिसळ खाताना पाण्याचा विषय निघाला. बंगळूरला कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून पंपानं वर चढवून आणावं लागतं, पुण्याला खडकवासला हाताशी आणि मागं पानशेत, वरसगाव, टेमघर. मी कटाची वाटी तोंडाला लावलेली होती. बोलता येईना म्हणून बोटांनी सात दाखवले. "अर्धा वाढवतो," म्हणाला. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या काठावर मंडळी गप्प उभी होती, तर हा मागून हळूच कानाशी: "काका, तिथल्या घरमालकांना?" मी डोळे वटारले. त्यानं मोबाइलवर काहीतरी टिपून घेतलं. काय टिपलं असेल ते तुम्हाला कळलंच असेल.

एकदा म्हटलं, याला इतिहासानं गार करावं. "अरे, शहाजीराजांच्या पदरी दोन्ही होती. पुण्याची जहागीर आधीपासून, 1638 नंतर बंगळूरही. त्यांनी काही शीट केलं नाही. जिजाऊ आणि बाळ शिवाजी पुण्याला, आपण तिकडं कर्नाटकात."

तो गंभीर झाला. "म्हणजे दोन भाडी."

"भाडी कसली! पुढं त्याच शतकात म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांनी अख्खं बंगळूर तीन लाखांना घेतलं."

"तीन लाख? डिपॉझिटच ना?"

यावर काय बोलणार? तिथं दहा-दहा महिन्यांचं भाडं आधी मोजून घ्यायची रीत आहे, हे त्याच्या शीटमध्ये तांबड्या रंगात होतं.

सूनबाई या सगळ्यात नव्हतीच. ती कट्ट्यावर मेथी निवडत बसायची. एकदा एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही शून्य द्या नाहीतर शंभर, दोन्ही गावं साडेसातवर येऊन थांबणार."

शेवटी एका रविवारी तो लॅपटॉप घेऊन घरीच आला. चहा होईपर्यंत मीच शीट खाली-खाली सरकवत गेलो. हवा, पाणी, भाडं, मराठी शाळा, कन्नड शिकायला लागणारे महिने, भडंग मिळण्याची शक्यता. अगदी तळाला एक ओळ होती: 'बाबांना रात्री-बेरात्री त्रास झाला तर पोचायला.' पुणे 5 तास, बंगळूर 11 तास. मार्कांचे दोन्ही रकाने कोरे.

"इथं साडेसात नाही धरलंस?"

"ते भरायचंय अजून," म्हणाला आणि शीट झटकन वर नेलं, हवेपाशी. त्याच्या बापाला मी चाळीस वर्षं ओळखतो. गेल्या वर्षी स्टेंट बसल्यापासून तो माणूस जिना चढताना मधल्या पायरीवर उगाच चप्पल नीट करत थांबतो. पोरानं ते पाहिलेलं होतं तर. या एका ओळीला हात लावावा लागू नये म्हणून वर एवढ्या ओळी रचल्या होत्या गाढवानं, आणि आम्ही गावभर बसून रिक्षावाल्यांना मार्क देत होतो. त्या दिवशी त्याला दुसरा चहा दिला. कौतुक म्हणून नव्हे, पातेल्यात उरला होता म्हणून.

निकाल सूनबाईनं लावला. तिच्या मैत्रिणीच्या शेजारचा फ्लॅट वाकडला रिकामा झाला. तिनं दुपारी फोनवर बोलून टोकन भरलं आणि संध्याकाळी भाकरी थापता थापता नवऱ्याला सांगितलं. तो रात्रभर शीटशी झटत बसला. सकाळी जिन्यातच मला अडवून म्हणाला, "काका, पुणेच निघालं. 7.5 विरुद्ध 7.4." वेटेज कुठलं बदललं ते मी विचारलं नाही.

आता दोघं वाकडला आहेत. महिन्यातून दोनदा येतात, बापाला घेऊन रंकाळ्यावर चक्कर मारतात. पण अकरा महिन्यांचा करार संपत आलाय आणि वाकड की बाणेर असं नवं शीट उघडलंय, अशी खबर आहे. पुण्यातल्या वाचकांना विनंती एवढीच: त्याचा फोन आला तर जे विचारेल त्याला मुकाट्यानं साडेसात सांगा. उन्हाळ्यातल्या टँकरचं मात्र काही बोलू नका.