पेन्शनला व्हिसा, सोबत पेन्शनर

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका गेली तीन वर्षं देश सोडून चाललेत. जाणं अजून एक्सेलमध्येच आहे. डावीकडे देश, वर चौदा रकाने: हवामान, कर, दवाखाने, भाजीचे भाव, डास. रविवारी जिन्यात भेटले की शेअर बाजाराचं सांगावं तसं सांगतात, "या आठवड्यात पोर्तुगाल वर गेलाय."

पोर्तुगाल तसा घरचाच. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तिथलं नागरिकत्व मागता येतं. ज्यांना घालवायला साडेचारशे वर्षं लागली, त्यांच्याच पणजीतल्या वकिलातीसमोर आता लोक आजोबांचा जन्मदाखला घेऊन उभे असतात. काकांचे आजोबा सावंतवाडीचे. थोडक्यात हुकलं! हल्ली आजोबांच्या तसबिरीला हार पडतो, पण जरा रागानेच. मग उरला 'डी-७' व्हिसा: घरबसल्या महिना ८७० युरो येतात, हे दाखवा. हा २०२५ चा आकडा, आणि तो तिथल्या किमान वेतनाइतका. म्हणजे तिथे कमीत कमी पगार घेणाऱ्याला जे मिळतं, ते आपल्या निवृत्त साहेबांना मिळतं का, एवढाच प्रश्न. काकांनी तो रकाना पिवळा करून ठेवलाय.

मलेशियाच्या योजनेचं नाव 'माय सेकंड होम'. २००२ साली ती सुरू झाली तेव्हा म्हणे सगळं आवाक्यात होतं. आता रुपेरी श्रेणीलाच दीड लाख डॉलरची ठेव लागते, म्हणजे सव्वा कोटीच्या वर. शिवाय तिथे घर घ्यायचं ते वेगळं. आमच्या फर्स्ट होमचा पुनर्विकास अकरा वर्षं रखडलाय, त्यामुळे सेकंडचा विषय काकूंनी पहिल्याच चहाला संपवला.

थायलंडला पन्नाशी पुरते, पण बँकेत आठ लाख बात हवेत. काम करायचं नाही आणि जमीन नावावर होणार नाही. वर दर नव्वद दिवसांनी आपण कुठे राहतो ते सरकारला कळवायचं. आपलं सरकार नोव्हेंबरात एकदाच विचारतं, 'आहात ना?' तिकडे वर्षातून चारदा.

काकांचा जीव खरा जडलाय तो पनामावर. तिथे पेन्शनराला सिनेमा-नाटक निम्म्या दरात, हॉटेलातल्या जेवणावर पाव सूट आणि विमानाच्या तिकिटावरही पाव. आपल्याकडची रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती अजून फलाटावर यायचीय. नाही म्हणायला एसटी आहे. पासष्टीला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीनंतर फुकट. म्हणजे पाठीचे मणके ढिले झाले, की लाल डबा मोफत. पनामाची अट मात्र साधी आहे: आयुष्यभर चालणारी पेन्शन, महिना १,०००. आपल्या ईपीएस-९५ मधली किमान पेन्शनही २०१४ पासून १,०००च आहे. आकडा हुबेहूब तोच! फक्त त्यांना डॉलर हवेत आणि आपल्याकडे रुपये आहेत. एवढ्या बारीक फरकापायी लाखो मराठी म्हातारे पनामाला मुकले.

तीन वर्षं हे शीट पाहतोय. चौदाही रकाने देशांची परीक्षा घेतात, त्यामुळे देश आपण निवडतोय असं काकांना वाटतं. खरं तर परीक्षेला काकाच बसलेत. चाळीस वर्षं यंत्रांचे आवाज ऐकून बिघाड सांगणारा हा माणूस, पण तुम्हाला काय येतं, हे कुठल्याच अर्जात विचारलेलं नाही. त्यांना हवी असते पेन्शन. माणूस म्हणजे तिच्यावरचं वेष्टन. सांभाळून उघडा आणि बाजूला ठेवा.

मी मॉरिशस सुचवून पाहिलं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी लोक आहेत, शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. काका दचकले. "तिथेही मराठी मंडळ असेल?" असेल म्हटलं. "मग निवडणूकही असेल." मॉरिशसची ओळ त्यांनी माझ्यासमोरच खोडली.

परवा सकाळी वर गेलो तेव्हा पनामाचा अर्ज पडद्यावर उघडा होता आणि काका खिडकीशी मोबाइल तोंडासमोर धरून ताठ उभे होते. नोव्हेंबर लागलाय, हयातीचा दाखला द्यायचा होता. "अहो, चष्मा काढा," काकू म्हणाल्या. काढला. "डोळे मिटा, उघडा." तेही झालं. फोनने थोडा विचार केला आणि कळवलं: चेहरा जुळत नाही, पुन्हा प्रयत्न करा.