ब्याण्णव टँकर

जालन्याच्या मस्तगडात नळाची वाट पाहत म्हातारी झालेली एक जात आहे. आमचे अण्णा त्यातले अस्सल. ‘जालना सोने का पालना’ असं कुणी म्हटलं, की ते विचारतात, “अन् पाळण्यातल्या लेकराला आंघोळ कशानं घालता?” घाणेवाडी तलावात किती फूट, जायकवाडी धरणात किती टक्के, हे त्यांना नातवाच्या मार्कांआधी ठाऊक असतं.

अशा माणसाला मुलानं अलास्काच्या क्रूझवर नेलं.

ग्लेशियर बेच्या दिवशी सकाळीच तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढले. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं. मैलभर रुंद, पाण्यावर अडीचशे फूट उंच, निळसर बर्फाची भिंत. लोक दुर्बिणी लावून गप्प झाले. माकडटोपीतले अण्णा मात्र कठड्यावरून खाली वाकून पाहत होते. पाणी राखाडी होतं.

“गाळ बघ केवढा! घाणेवाडीचा आपण लोकवर्गणीतून उपसला. हे काहून काढत नाहीत?”

हिमनदीच खडक दळून हे पीठ करते, असं मुलानं सांगितलं. अण्णांचं हिमनदीविषयीचं मत तिथंच बिघडलं.

तेवढ्यात तोफेसारखा आवाज झाला आणि भिंतीचा एक तुकडा समुद्रात कोसळला. जहाजभर टाळ्या. अण्णांनी खिशातून डायरी काढली. दहा मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच धरू. बर्फाच्या घनमीटरला पाणी 917 लिटर. (माणूस आयुष्यभर बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहीत होता, हात वळवावा लागत नाही.)

“नऊ लाख सतरा हजार लिटर. दहा हजारी ब्याण्णव टँकर! अन् पडले कुठं? खाऱ्या पाण्यात!”

“अहो, फोटो तरी काढा,” काकू म्हणाल्या.

“फोटो काय प्यायचा का?”

1794 मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतले खलाशी इथं आले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फच होता. 1879 मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ चाळीस मैलांवर मागे सरला होता, आज पासष्ट, असं रेंजरबाई सांगत होत्या. अण्णांनी लगेच मोजलं: जालन्याहून निघून संभाजीनगर गाठायचं आणि परत बदनापूरपर्यंत यायचं, एवढा बर्फ गेला. इतकं पाणी जाईस्तोवर गावात एक मोर्चा निघाला नाही, याचं त्यांना खरं दुःख झालं.

शेवटी त्यांनी मुलाकरवी बाईंना विचारलंच, “हे पाणी कितव्या दिवशी सोडता?”

बाई हसल्या. पुढचा तुकडा केव्हा पडेल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणाल्या. कधी लगेच, कधी जहाज तासभर थांबून तसंच परततं.

दिवसभरात पहिल्यांदाच अण्णांचा चेहरा खुलला. “मंजे आपल्या नळावानीच की! मग असं आधी सांगायचं ना.” आणि खुर्ची ओढून, पांघरूण घेऊन ते सराईतपणे वाट पाहत बसले.